ओखामंडळचा शंख आणि अंड्याचे उत्तर

आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या पडवीत एक कोनाडा होता आणि त्या कोनाड्यात एक पांढरा शंख असे. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. काही वर्षे त्यांची बदली द्वारकेच्या कचेरीत झाली होती. ओखा बंदर १९२६ मध्ये सुरू झाले, त्याच्या आगेमागेचा हा काळ. सुटीवर घरी येताना त्यांनी तो शंख आणला. आजी कोल्हापूरकडची, दिगंबर जैन घरातली. तिने शंख हातातही घेतला नाही. "आत जीव होता ना? तो कुठे गेला?" एवढेच तिने विचारले. आजोबांजवळ उत्तर नव्हते. शंख उंबरठ्याच्या आत आला नाही आणि कोणी तो टाकूनही दिला नाही. तो पडवीतच राहिला.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या देवघरात शंख असेल आणि तो पूजेचा मान आहे हे मी जाणतो. आमच्या शास्त्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येवरून होते. तीत शंख हा दोन इंद्रियांचा जीव. त्याला स्पर्श कळतो आणि चव कळते. लहानपणी मला प्रश्न पडे की इतक्या मुक्या जीवाला स्पर्श कळतो म्हणजे नेमके काय होते? पुढे होमिओपॅथी शिकलो, चाळीस वर्षे दवाखाना चालवला. समुद्रातून आलेली औषधे रोज हाताळली. हानेमानने कालवाच्या शिंपल्याच्या मधल्या थरापासून केलेले कॅल्केरिया कार्ब आणि माकुळाच्या शाईपासून केलेले सेपिया ही आमची नित्याची औषधे. पण त्या जीवांविषयी मला फारसे माहीत नव्हते. ते वाचन साठीत सुरू झाले आणि वाचता वाचता मी आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर येऊन पोचलो. आज तुमच्यापुढे ठेवतो तो त्या वाचनाचा सारांश आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती शेवटी सांगतो.

आता बडोदे म्हटले की समुद्र डोळ्यांपुढे येत नाही. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा अजस्र सांगाडा आपण सर्वांनी लहानपणी पाहिला. आपली समुद्राशी ओळख बहुधा तेवढीच. पण गायकवाडी मुलूख एकसलग नव्हता. काठेवाडच्या पश्चिम टोकाचे ओखामंडळ, म्हणजे द्वारका, बेट आणि त्यांच्या भोवतालचा किनारा, १८१७ च्या सुमारास बडोद्याकडे आला. यात्रेचे उत्पन्न, वाघेरांचे बंड, पाण्याचे दुर्भिक्ष यांमुळे दफ्तरात त्याचे नाव सतत येई. किनाऱ्यापलीकडच्या पाण्यात काय आहे हे मात्र त्या दफ्तरात नव्हते. बेटाचे दुसरे नाव शंखोद्धार. तिथले शंख बांगड्यांसाठी थेट बंगालपर्यंत जात. म्हणजे व्यापाऱ्याला शंखाची किंमत ठाऊक होती, पण शंख जगतो कसा हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सरकारने हे काम जेम्स हॉर्नेल या इंग्रज समुद्रजीवशास्त्रज्ञाकडे दिले. हॉर्नेल सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेले गृहस्थ होते. पुढे ते मद्रास सरकारच्या मत्स्य खात्याचे प्रमुख झाले आणि १९१४ मध्ये त्यांनी भारतातल्या शंखावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९०५-०६ मध्ये त्यांनी ओखामंडळच्या किनाऱ्यावरून प्राणी गोळा केले. त्यावरचा बडोदे सरकारला सादर केलेला अहवाल लंडनमध्ये दोन भागांत छापला गेला. पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये. गोळा केलेले नमुने त्या त्या विषयाच्या जाणकारांकडे पाठवले गेले. स्पंजांवर लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक आर्थर डेंडी यांनी लिहिले. हायड्रॉइड, म्हणजे जेलीफिशच्या गोतातले झुडपासारखे दिसणारे नाजूक प्राणी, त्यांच्यावर लॉरा रॉस्को थॉर्नेली या बाईंनी लिहिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सबंध राज्याला लागू झाला तो १९०६ मध्ये. त्याच सुमारास त्याच राज्याने आपल्या समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांचीही मोजदाद करून घेतली. महसुलाच्या आशेने म्हणा, की ज्ञानाच्या. अहवाल वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात.

मला या अहवालाचा अभिमान वाटतो. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अशा अहवालात प्राण्याचे नाव, रूप आणि तो सापडला ती जागा मिळते. तो मृत अवस्थेत, बाटलीतल्या स्पिरिटमध्ये पाहिलेला असतो. "आत जीव होता ना?" या आजीच्या प्रश्नाचे उत्तर यादीत मिळत नाही. त्यासाठी जिवंत प्राणी समुद्राच्या पाण्यातच ठेवून त्याच्याकडे पाहत बसावे लागते. तसे पाहणे त्याच काळात दुसऱ्या समुद्रांकाठी चालू होते. इटलीत नेपल्सला आंतोन डोर्न याने १८७२ मध्ये समुद्रजीवांचे केंद्र उभारायला घेतले. अमेरिकेत वुड्स होलची प्रयोगशाळा १८८८ मध्ये निघाली. ओखामंडळच्या खडकांवर जे गोत राहते त्याच गोतातले काटेरी सी-अर्चिन आणि तारामासे तिथल्या काचेच्या भांड्यांत ठेवलेले होते. म्हणून आता आपल्याला ओखा सोडून तिकडे जावे लागते.

जाण्याआधी एक जुनी समजूत आठवू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हटले आहे आणि पुरुषाला बीज. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचेही मत जवळपास तेच. पुरुषाकडून आकार येतो, स्त्रीकडून फक्त माती. १६७७ मध्ये लेव्हेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्राणू पाहिले, तेव्हा ही समजूत मोडण्याऐवजी पक्की झाली. १६९४ मध्ये हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूसच चितारून दाखवला. सस्तन प्राण्याचे अंडे प्रत्यक्ष दिसले ते १८२७ मध्ये, फॉन बेअर याला. अंडे आहे हे तेव्हा कळले, पण ते काही करते अशी शंका कोणाला आली नाही. जमीन कधी काही करते का?

ही शंका यायला सी-अर्चिन कारणीभूत झाला. शंखाचे फलन मादीच्या शरीरात होते, ते दिसत नाही. सी-अर्चिनची मादी लाखो अंडी सरळ पाण्यात सोडते आणि नरही तसेच करतो. अंडे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे आणि पुष्कळ जातींत इतके स्वच्छ की आतले सारे दिसावे. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवर दोन थेंब एकत्र केले की विवाह लागला. १८७५ मध्ये भूमध्य समुद्राकाठी ऑस्कर हर्टविगने पाहिले की शुक्राणूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एकमेकांना भेटून एक होतात. दोन्हीकडून बरोबरीचे दान. बीज-क्षेत्राच्या हिशेबाला पहिला धक्का तो. दोन वर्षांनी हर्मन फोलने तारामाशाच्या अंड्यात शुक्राणू शिरताना पाहिला आणि आणखी एक गोष्ट टिपली. एक आत गेला की अंड्याभोवती एक पटल वर उचलले जाते आणि बाकीचे बाहेरच राहतात. हा फोल पुढे १८९२ मध्ये आपल्या नौकेसह समुद्रातच नाहीसा झाला.

एकच का? याचे उत्तर थिओडोर बोव्हेरीने दिले. त्याने दोन शुक्राणू शिरलेली अंडी तपासली. असे अंडे एकाचे दोन होण्याऐवजी एकदम चार होते, गुणसूत्रांची वाटणी विषम होते आणि गर्भ बिघडून मरतो. म्हणजे दार वेळेवर बंद होणे हा अंड्याच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. समुद्रात एका अंड्याभोवती शेकडो शुक्राणू घोटाळत असतात. फोलने पाहिलेले पटल पुरते वर यायला जवळजवळ मिनिट लागते. मग त्या मिनिटात दुसरा का शिरत नाही? हा प्रश्न शंभर वर्षे टिकला.

दरम्यान १८९९ मध्ये वुड्स होलला जाक लोएब याने सी-अर्चिनची अफलित अंडी मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या पाण्यात ठेवली आणि मग साध्या समुद्राच्या पाण्यात आणली. शुक्राणू नसतानाही ती वाढीला लागली. वर्तमानपत्रांनी गहजब केला, बापाची गरज संपली म्हणून. खरा अर्थ वेगळा होता. वाढीची सगळी तयारी अंड्यात आधीच असते. शुक्राणू आपला निम्मा वारसा आणतो आणि दार ठोठावतो. उठून कामाला लागते ते अंडे.

हे ज्याने सर्वांत नीट पाहिले त्याचे नाव अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. अमेरिकेतला कृष्णवर्णी माणूस, १८८३ चा जन्म, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात प्राध्यापक. वीस-एक वर्षे उन्हाळ्यात वुड्स होलला जाऊन तो अंडी पाहत बसे. १९१९ मध्ये त्याने लिहिले की शुक्राणू चिकटला त्या बिंदूपासून अंड्याच्या पृष्ठभागावर एक बदल लाटेसारखा पसरत जातो. पटल नंतर उचलले जाते; त्याआधीच ही लाट पुढे गेलेली असते आणि ती जिथून गेली तिथे दुसरा शुक्राणू शिरू शकत नाही. लाट कशाची, हे सांगायची साधने तेव्हा नव्हती. पण पेशीचा पृष्ठभाग म्हणजे नुसती साल नव्हे, तो जाणतो आणि उत्तर देतो, हे त्याने आयुष्यभर मांडले. आपल्या देशात त्याच्या रंगामुळे त्याला त्याच्या योग्यतेची जागा कधी मिळाली नाही. तो नेपल्सला, बर्लिनला, फ्रान्सला गेला. १९३९ मध्ये त्याचे पेशीच्या पृष्ठभागावरचे पुस्तक आले. १९४० मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांनी त्याला काही काळ अटकेत ठेवले. १९४१ मध्ये तो वारला. त्याचे म्हणणे खरे ठरले तेव्हा तो नव्हता.

आता त्या लाटेकडे येऊ. तिचे नाव कॅल्शियम. हाडांचे आणि चुन्याचे कॅल्शियम आपल्याला माहीत आहे. निरोप्याचे काम करणारे कॅल्शियम कमी माहीत आहे. त्याचा पहिला सुगावा एका डॉक्टरला लागला, तोही चुकीतून. १८८३ मध्ये लंडनचा सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत होता. मग कळले की आधीच्या प्रयोगांत ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेतले तर हृदय लवकरच थांबे. नळाच्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, ते चालवत होता. दवाखान्यात सलाईनची जी बाटली 'आरएल' म्हणून लावतात, तिच्यातला आर म्हणजे हा रिंगर.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शिंपले, पोवळी, शंख सगळे त्यातूनच घडतात. पण त्या पाण्यात तरंगणाऱ्या अंड्याच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या सुमारे एक लक्षांशाइतकेच असते. अंडे ते सतत बाहेर काढते किंवा आतल्या बंद कोठारांत भरून ठेवते. १९३७ मध्ये डॅनियल माझिया याने दाखवले की फलनाच्या वेळी अंड्यातले बांधलेले कॅल्शियम मोकळे होते. पण ते केव्हा, कुठे, किती वेगाने, हे डोळ्यांना दिसणार कसे?

ते दिसायला जेलीफिशची मदत लागली. थॉर्नेलीबाईंनी ओख्याच्या हायड्रॉइडांवर लिहिले, त्यांच्याच वर्गातली एक जेलीफिश अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर मिळते. डिवचली की तिच्या कडा निळसर-हिरव्या चमकतात. १९६१ च्या उन्हाळ्यात जपानचे ओसामु शिमोमुरा हजारो जेलीफिश पकडून तो प्रकाश देणारा पदार्थ वेगळा करण्याच्या खटपटीत होते. काही केल्या जमेना. एका संध्याकाळी त्यांनी निरुपयोगी समजून अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळी उजळली. तिथे मत्स्यपात्रातून ओसंडलेले समुद्राचे पाणी होते. त्या पाण्यातल्या कॅल्शियमनेच तो दिवा लागला होता. या पदार्थाला एक्वोरिन म्हणतात. कॅल्शियम मोकळे झाले की उजळणारा दिवा माणसाच्या हाती आला.

१९७४ मध्ये स्टाइनहार्ट आणि एपेल या दोघांनी एक नेमका प्रयोग केला. कॅल्शियमला पटलांतून वाट करून देणारे एक औषध त्यांनी सी-अर्चिनच्या अंड्यांना दिले. शुक्राणूशिवाय अंडी जागी झाली. मग तेच कॅल्शियम काढून टाकलेल्या समुद्राच्या पाण्यात केले. तरीही अंडी जागी झाली. बाहेर थेंबभर कॅल्शियम नसताना हे झाले, म्हणजे अंड्याने आपल्याच कोठारातले काढले. या सबंध इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. चारी बाजूंनी कॅल्शियमचा समुद्र आहे, पण अंडे उठते ते स्वतःच्या शिदोरीवर. १९७७ मध्ये एक्वोरिन घातलेली अंडी फलनाच्या वेळी खरोखर उजळताना टिपली गेली, सी-अर्चिनची आणि मेडाका नावाच्या जपानी माशाची. माशाच्या पारदर्शक अंड्यात तो उजेड शुक्राणूच्या जागेपासून निघून पलीकडच्या टोकाला जाताना दिसला. सी-अर्चिनच्या अंड्यात ही लाट अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर पार होते. ती जाते तिथे पृष्ठभागाखालच्या बारीक पुटिका फुटतात आणि पटल उचलले जाते. जस्टने १९१९ मध्ये नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर लिहिलेली लाट ती हीच.

पण ही लाटही काही सेकंदांनी निघते. पहिल्या क्षणाचा पहारा कोणाचा? तो विजेचा. प्रत्येक जिवंत पेशीच्या आतबाहेर विजेच्या दाबाचा थोडा फरक असतो. अत्यंत बारीक काचनळी अंड्यात घालून तो मोजता येतो. १९५६ मध्ये तारामाशाच्या अंड्यात तो मोजला गेला, १९७१ मध्ये फलनाच्या वेळची उलथापालथ नोंदली गेली. शांत अंडे आतून उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते. शुक्राणू भिडला की एक ते तीन सेकंदांत सोडियम आत येते आणि दाब शून्य ओलांडून अधिक बाजूला जातो. तो सुमारे मिनिटभर तसाच राहतो. १९७६ मध्ये लॉरिंडा जॅफी या तरुण संशोधिकेने ताडून पाहिले. यंत्राने अंड्याचा दाब मुद्दाम अधिक बाजूला धरून ठेवला तर एकही शुक्राणू शिरेना. आणि ज्या अंड्यांचा दाब पुरेसा वर चढला नाही, त्यांत अनेक शिरले. म्हणजे पटलाची भिंत उभी राहीपर्यंत दार धरून ठेवते ती वीज. बोव्हेरीच्या काळापासूनचा प्रश्न असा सुटला.

वाचकहो, हे सगळे एका मिनिटाचे काम आहे. पहिल्या काही सेकंदांत वीज दार धरते. मग अंडे स्वतःचे कॅल्शियम मोकळे करते, त्याची लाट पार जाते, पटल वर येते आणि अंडे वाढीला लागते. यात जमीन कुठे आहे? स्पर्श झाला, तो कळला, आणि कळल्याचे उत्तर दिले गेले. आमच्या शास्त्रात हे आधीच सांगितले होते, असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. शास्त्राने जीवाला जपायला सांगितले. मिलिव्होल्ट मोजले ते प्रयोगशाळेने. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवलेला बरा. माझ्या कॅल्केरिया कार्बचाही या लाटेशी काही संबंध नाही. तो जोडून दाखवणे ही फसवणूक होईल.

संबंध आहे तो माझ्या दवाखान्याशी, आणि आता ती चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक बाई माझ्याकडे येत. लग्नाला सहा वर्षे, मूल नाही. सासू बरोबर येई आणि बाईंच्या देखतच म्हणे, "डॉक्टर, जमीनच नापीक आहे, काय करायचे?" मला ते वाक्य खटकले नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. मी बाईंची पाळी विचारली, स्वप्ने विचारली, थंडी सोसते की ऊन ते विचारले. पाच वर्षे त्यांनाच औषधे दिली. सेपियाही दिले, कॅल्केरियाही दिले. नवऱ्याची वीर्यतपासणी, जी तेव्हाही अगदी किरकोळ खर्चात होई, मी एकदाही सांगितली नाही. शेवटी त्यांच्या भावाने आग्रह धरून ती करवली. दोष नवऱ्याकडे होता आणि तो पहिल्याच दिवशी कळला असता. तोवर बाई अडतिशीच्या पुढे गेल्या होत्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. "म्हणजे माझ्यात काही नव्हते ना?" एवढेच त्यांनी तीनतीनदा विचारून घेतले. शरीरशास्त्राची परीक्षा मी उत्तीर्ण झालो होतो. माझ्या डोक्यात मात्र मनुस्मृतीचे शेत तसेच होते.

माणसाचे अंडे सी-अर्चिनच्या अंड्यासारखे हुबेहूब नाही, हेही सांगितले पाहिजे. सस्तन प्राण्यांच्या अंड्याला ते विजेचे कुलूप नाही. आपले दार अंड्याभोवतीच्या आवरणातल्या बदलांनी बंद होते. कॅल्शियम मात्र इथेही आहे. एका लाटेऐवजी ते कित्येक तास पुन्हा पुन्हा उसळत राहते. शुक्राणू आपल्याबरोबर एक प्रथिन आणतो, त्याने अंड्याचे कोठार उघडते. हे प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला, तेव्हा शरीराबाहेर फलन ही आपल्याकडे घराघरांत बोलण्याची गोष्ट झाली. १९९२ पासून एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्याची पद्धत आली. तसे करूनही काही वेळा अंडे जागे होत नाही. अशा वेळी कॅल्शियमला वाट करून देणारे औषध वापरून पाहतात. १९७४ मध्ये सी-अर्चिनला दिलेले तेच. आज एखाद्या बाईंना डॉक्टर "अंडे ॲक्टिव्हेट करून पाहू" म्हणतात, तेव्हा त्या वाक्यामागे समुद्रातल्या काटेरी मुक्या जीवांची शंभर वर्षे उभी असतात.

त्यांच्या जिवांची किंमत पडली, हे मी विसरत नाही. सी-अर्चिनला अंडी सोडायला लावण्यासाठी पोटॅशियमच्या मिठाची सुई टोचतात. हजारो जेलीफिश दिव्यासाठी गेल्या. मी यावर निकाल देणार नाही. एवढेच म्हणेन की ज्यांच्याकडून घेतले त्यांची ओळख ठेवणे हे निदान ऋण आहे. आपल्या ओखामंडळपासून पुढे कच्छच्या आखाताचा किनारा १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये त्याचा काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला. देशातले ते पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. हॉर्नेलने जिथे मोजदाद केली तिथल्या पोवळ्यांना आणि शंखांना आता कायद्याचे थोडे छत्र आहे.

द्वारकेला आपण सगळे जातो. पुढच्या वेळी दर्शन झाल्यावर ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि तासभर खडकांच्या डबक्यांपाशी बसा. काही उचलू नका, नुसते पाहा. आणि घरात एखाद्या सुनेला, लेकीला कोणी नापीक जमीन म्हणत असेल, तर त्या माणसाला हे एका मिनिटाचे काम समजावून सांगा आणि नवऱ्याची तपासणी आधी करून घ्या.

जुने घर पाडले तेव्हा शंख मी नव्या घरी आणला. तो आजही देवघरात नाही. दवाखान्याच्या टेबलावर असतो. मूल नाही म्हणून एखादे जोडपे पहिल्यांदा येते तेव्हा मी तो बाजूला सरकवतो, कागद पुढे ओढतो आणि तपासणीची पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या नावाने लिहितो.